कोमट झाल्यावर

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

वृषभ,

सवयीनं ‘चिरंजीव’ लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. त्यापुढचे ‘अनेक आशीर्वाद’ तर आज माझ्याकडे शिल्लकच नाहीत. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून तिरुपूरच्या त्या तुझ्या नव्या सूतवाल्या कंपनीचा पत्ता शोधून काढला आणि कॉलेजच्या वहीचे कागद फाडून बसले.

काल एका सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न होतं. संक्रांतीला तू दिलेली शाल पहिल्यांदा बाहेर काढली. आपल्या शेडमधल्या अंबाडीच्या सुताची, कोपऱ्यात ‘अहिंसक धागा’ असं लेबल शिवलेली. रिक्षात बसले, शाल गळ्याभोवती घेतली, अंगाची ऊब तिला लागली आणि राजारामपुरीच्या कोपऱ्यावर मला उमासा आला. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, थांबवू काय?” मी शाल घडी करून पिशवीत कोंबली, तरी वास बोटांना होता. लग्नात जिलेबीचं ताट समोर आलं आणि मी हात धुवायला तीनदा उठले.

वरून ब्लीचिंग पावडरचा वास, तो तू मुद्दाम मारलेला. त्याच्याखाली दुसरा. कुणी लहान मूल दूध पिऊन ओकलंय आणि ते तसंच चार दिवस कोपऱ्यात राहिलंय, तसा. मी सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. त्या वासाला ब्युटिरिक आम्ल म्हणतात आणि ते कुठून येतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

तुझी एकदा उजळणी घेते. अंबाडीच्या काडीला धागा चिकटून असतो तो एका डिंकासारख्या पदार्थामुळे. तो डिंक काढला की धागा सुटतो. जुनी रीत म्हणजे काड्या पंधरा दिवस साचलेल्या पाण्यात कुजत घालायच्या. पाण्यातले जंतू डिंक खातात, पाणी सडतं, त्यात असेल नसेल ते मरतं. आपली रीत म्हणजे टाकीत विकर, म्हणजे एन्झाइम, घालायचं. ते फक्त डिंक विरघळवतं, एका दिवसात, कुजणं नाही, वास नाही, एक किडा मरत नाही. म्हणून तर आपण त्याला अहिंसक म्हणालो. म्हणून तर बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायका पर्युषणात अंगावर घ्यायला आपली उपरणी आणि शाली मागत होत्या.

विकरानं सुटलेल्या धाग्याला हा वास येऊच शकत नाही. तू अंबाडी कुजवलीस, वृषभ. कुठं तरी खड्ड्यात कुजवलीस, ब्लीचमध्ये धुतलीस आणि माझ्या सहीच्या तपासणी-अहवालाखाली विकलीस. त्या अहवालातला ‘वासरहित’ हा शब्द माझा आहे. तो आता वाचला तरी मला किळस येते.

तू सातवीत असताना मित्राकडे आम्लेट खाऊन आला होतास. दारातच मला तुझ्या तोंडाचा वास आला होता. अव्वाला सांगितलं नाही आणि महिनाभर तुझ्याकडून माझी सायकल धुऊन घेतली. बहुतेक तेव्हापासूनच तुझा समज झालाय की आक्काला वास आला तरी आक्का गप्प बसते.

रविवारी नेसरीला जाऊन शेड बघणार आहे. त्याआधी अव्वाला फोन करून काय ते सांग.

आक्का


नेसरी,
१६ फेब्रुवारी २०२५

वृषभ,

तू फोन केला नाहीस. हे पत्र शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. नाकाला रुमाल बांधलाय, तरी लिहिता लिहिता उठून चिंचेखाली जावं लागतं.

खड्डा बघितला. विहिरीपासून पन्नास पावलांवर, तोही चढाला. जागा निवडताना डोकं कुठं ठेवलं होतंस? तू जानेवारीत पळालास तेव्हा तो तसाच भरलेला ठेवून गेलास. वरची साय काळी, तिच्यावर शेवाळ्यासारखा बुळबुळीत थर, आणि त्यात अर्ध्या बुडालेल्या काड्या. काठीनं ढवळलं तर खालून बुडबुडे आले आणि मी तिथंच वाकले. सकाळचे पोहे, चहा, सगळं बाहेर. इलाहीभाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाले, “ताई, मी सांगू नये, पन सांगतो. आमी तीन म्हैनं ह्याच्यातच हुतो की.”

इलाहीभाई इचलकरंजीचा माग सोडून गावी आले ते तुझ्या शब्दावर. त्यांनी काड्या घालायच्या आणि त्यांच्या बायकोनं, शबनूरभाभींनी, गुडघाभर त्या घाणीत उभं राहून साल सोलायची. भाभींचे पाय बघितले मी. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटलीय. मी कुठलं मलम लावता म्हणून विचारलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मालक म्हनले, आक्कांला सांगू नका.” त्या ‘आक्कांला’ शब्दावर मला तुझा गळा धरावासा वाटला.

आता मुख्य गोष्ट. खड्ड्याचा बांध एका अंगानं खचलाय आणि ते काळं पाणी विहिरीत उतरलंय. आपल्या विहिरीत. मासे उलटे होऊन तरंगत होते, बेडूक फुगून पायरीला लागले होते. आजोबांनी सोडलेलं ते कासवही, ज्याला तू चुरमुरे टाकायचास.

अव्वाचा नियम तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरलास असंच दिसतंय. सात वर्षांपूर्वी तिनं मुनिमहाराजांपुढं नियम घेतला की पाणी विहिरीचंच प्यायचं, स्वतः काढून, दुहेरी फडक्यातून गाळून. आणि फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, ती जिवाणी, कळशीतून दोरीनं हळूच खाली सोडायची, पाण्याला टेकल्यावरच कळशी कलती करायची. ज्या विहिरीतले जीव, त्याच विहिरीत परत. रोज सकाळी, पावसातसुद्धा.

मी पोचले तेव्हा दीड दिवस ती पाण्याशिवाय होती. ओठ सुकून चिरलेले. कुणाला काही बोललेली नाही. मला म्हणाली, “माझ्याच हातनं झालं गं. त्या दिशी दोरी सुटली माझ्या हातातनं, कळशी वरनंच पडली. त्ये जीव मेलं, त्येच्यानं सगळी हिर नासली.”

ऐकलंस? तिला वाटतंय, तिची दोरी सुटली म्हणून विहीर सडली. खड्डा तिच्या गुडघ्यांमुळं तिला माहीतच नाही, ती चढ चढत नाही. आणि वास? मी विचारलं तर म्हणाली, पापाला वास येतोच.

भूपाल अण्णांच्या विहिरीवर नेऊन तिला पाणी दिलं. अण्णा बिचारे एक शब्द विचारत नाहीत, चुलते असून परक्यासारखे मान खाली घालून उभे होते. आता रोज सकाळी इलाहीभाई आपल्या टेम्पोतून तिला तिथं नेणार. ती स्वतः काढणार, तिथंच गाळणार, जिवाणी तिथंच सोडणार. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘अहिंसक धागा’ रंगवलेलं आहे. त्यात बसून माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई पाण्याला जाते.

प्रायश्चित्त म्हणून तिनं दूध आणि दही सोडलंय. मी म्हटलं, विहीर तुझ्यामुळं नासली नाही. तर म्हणाली, मग कुणामुळं? मी गप्प बसले. ते उत्तर तुझं आहे. तू ये आणि तिच्यासमोर उभा राहून दे.

जाता जाता शेड झाडून घेतली. भिंतीवर एक जुना कागद लोंबत होता, तोही काढून टाकला.

आक्का


कोल्हापूर,
२ मार्च २०२५

वृषभ,

तुझं उत्तर मिळालं. शाब्बास.

गुरुवारी कुरिअरवाला नेसरीत खोकं टाकून गेला. इलाहीभाईंनी फोन करून विचारलं, “ताई, मालकांनी मशीन धाडलंय पान्याचं. लावू काय?” पाणी शुद्ध करायचं यंत्र! वर चिठ्ठी, ‘अव्वासाठी.’ एकच शब्द. त्यात ‘वृषभ’ एवढंही नाव लिहायचं धैर्य नाही.

अरे शहाण्या, त्या यंत्राच्या जाळीवर जे जीव अडकतील ते ती परत कुठं सोडणार? नळाच्या तोंडात? तू त्या घरात वाढलास ना? लहानपणी कळशीची दोरी तूच धरायचास आणि वाकून बघायचास की पाण्याला टेकली का. मला हे खोकं बघून खड्ड्यापेक्षा जास्त किळस आली. खड्डा निदान घाण आहे म्हणून घाण दिसतो. हे चकचकीत, पांढरं, वर हसऱ्या बाईचा फोटो.

अव्वानं खोक्याला हात लावला नाही. त्याच्यावर आता मांजर बसतं.

विहिरीचं पाणी मी बाटलीत आणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं. बाटलीचं बूच काढल्यावर शिपाई मामा खिडक्या उघडत फिरले. त्या पाण्यात प्राणवायू नावालासुद्धा नाही. विहीर पूर्ण उपसायला हवी, तळाचा गाळ काढायला हवा, खड्डा बुजवायला हवा. पंप लावून मी हे उद्या करू शकते. पण मग अव्वा विचारणार, एवढा गाळ कशाचा, आणि काड्या कुठून आल्या.

तिनं मीठ सोडलंय. भाकरी आणि उकडलेली मुगाची डाळ, अळणी. समोर बसून मी तीच खायचा प्रयत्न केला. दुसऱ्या घासाला घशाखाली उतरेना. ती मात्र शांतपणे जेवते, आणि जेवून झाल्यावर मला विचारते, “वृषभचं बरं चाललंय न्हवं तिकडं?”

तू सांगत नाहीस तोवर हे थांबणार नाही. एक फोन. “अव्वा, मी खड्डा काढला.” चार शब्द आहेत, मोजून बघ. तुला सांगायला लाज वाटते आणि तिला उपाशी ठेवायला वाटत नाही?

आक्का


कोल्हापूर,
१६ मार्च २०२५

वृषभ,

तुझं कार्ड पोचलं. साधं पोस्टकार्ड, त्यावर एकच ओळ: ‘आक्का, भिंतीवरचा कागद वाच.’

कार्ड वाचून मी आधी चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तुला शिव्या घातल्या. शेजारच्या मोनावहिनी दार उघडून बघायला आल्या. मग दोन दिवस ते कार्ड फ्रिजवर पडून राहिलं. आज लिहितेय, कारण काल एक झालं.

काल सकाळी भूपाल अण्णांच्या विहिरीच्या कठड्यावर अव्वाला चक्कर आली. कळशी खाली सोडत होती. तोल गेला. इलाहीभाईंनी दंडाला धरलं म्हणून वाचली, नाहीतर कळशीच्या मागोमाग तीही गेली असती. दंड हातात आला तर त्यांच्या मुठीत मावला म्हणे. आता तूपही सोडलंय तिनं, आणि एक दिवसाआड जेवते. डॉक्टर म्हणाले मीठ कमी पडलंय, ताबडतोब सुरू करा. तिनं मान डोलावली आणि घरी आल्यावर म्हणाली, डाक्टराला काय ठावं माझ्या हातनं काय झालंय.

दुपारी इलाहीभाई मला शेडच्या मागं घेऊन गेले. एवढा गप्प माणूस, पण भडकला होता. “ताई, म्हातारी मरंल की हो. सांगून टाका तिला. मालक वाईट न्हाईत. पयला माल झ्याक झाला, तुमी हुता तवा. दुसऱ्या खेपंला काडी सुटंना. मालकांनी तुमास्नी फोन केलता, मी शेजारीच हुतो. तुमी म्हनला, कागदावर हाय तसंच करा. आमी कागदावर लिवलंतं तसंच केलं की! उकळत्या पान्यात वतलं सगळं.”

मला फोन आठवत नाही, असं मी त्यांना म्हणाले.

मला तो आठवतो, वृषभ. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, स्टाफरूम, पुढ्यात चाचणीचे पेपर. तू म्हणालास, “आक्का, काडी सुटत नाही.” मी म्हणाले, “कागद वाचता येतो ना? त्यावर आहे तसं कर. जसंच्या तसं. स्वतःची अक्कल चालवू नकोस.” तू म्हणालास, “तसंच केलंय.” मी म्हणाले, “मग पुन्हा कर,” आणि फोन ठेवला.

तो कागद मी टाकून दिलेला नाही. माझ्या पर्समध्ये आहे, महिनाभर. हे पत्र लिहिताना समोर उघडून ठेवलाय. माझंच वळणदार अक्षर. ‘१. पाणी प्रासुक करून घ्यावे. २. त्यात विकर घालावे. ३. काड्या बुडवून एक दिवस झाकून ठेवाव्यात.’

प्रासुक हा शब्द मी अव्वाला बरं वाटावं म्हणून घातला. उकळून निर्जीव केलेलं पाणी, म्हणजे टाकीतसुद्धा जीव मरायला नको. माहितीपत्रकात तो छान दिसत होता. पण विकर उकळत्या पाण्यात पडलं की मरतं. म्हणजे जीव नसूनही निकामी होतं, दोन मिनिटांत. पाणी कोमट होईपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या खेपेला मी थांबले होते. अव्वानं उकळतं पाणी टाकीत ओतून दिलं आणि मी तिच्या हातचा चहा पीत, तुझी चेष्टा करत अर्धा-पाऊण तास बसले. मग थर्मामीटर घातला आणि विकर ओतलं. ते थांबणं कागदावर उतरलंच नाही. चहा पिणं कुणी सूचनेत लिहितं का?

दोन शब्द. ‘कोमट झाल्यावर.’ तेवढे राहिले आणि तू सगळं विकर शिजवलंस. मग ऑर्डर डोक्यावर, विकर संपलेलं, बहीण फोनवर खेकसतेय, तेव्हा तू खड्डा काढलास.

खड्डा तूच काढलास, हे मी सोडत नाही. काढल्यावर माझी सही वापरलीस, भाभींना त्यात उभं केलंस, मग पळालास, त्याची मला किळस येते आणि येत राहील. पण सोळा फेब्रुवारीला शेडमध्ये तो कागद मी कुणी बघत नाही ना हे पाहून काढला, चार घड्या घालून आत सरकवला. तेव्हा माझ्या हाताला कसला वास होता हे मला आता कळतंय. अव्वाला तू सांगावंस असा मी एवढा हट्ट का धरला, तेही.

तू सांगू नकोस. मी सांगते.

स्नेहल


नेसरी,
३१ मार्च २०२५

वृषभ,

काल पाडवा होता. अव्वाचा जेवायचा दिवस. तिच्यासमोर बसले आणि आधी कागद वाचून दाखवला, मग सगळं सांगितलं. विकर कसं मेलं, खड्डा कुणी काढला, बांध कसा खचला. म्हटलं, तुझी दोरी सुटली त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येतं हे आपण विसरतो. बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाली, “प्रासुक म्हंजी उकळल्यालं, त्ये इलाहीला मीच सांगितलंतं. त्यानं इचारलं, मी सांगितलं. कुनी कोमट म्हनलंच न्हाय.” मग म्हणाली, “मी त्येला विरजन म्हनत हुते. तू मला गप्प केलीस.”

केलं होतं. आठवतं तुला? पहिल्याच दिवशी, डब्याचं बूच उघडल्यावर ती म्हणाली होती, हे काडीचं विरजण दिसतंय. मी सगळ्यांसमोर तिला दुरुस्त केलं. विरजणात जीव असतात अव्वा, यात नाहीत, आपला धागा अहिंसक आहे, याला विकर म्हणायचं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, ‘विकार’ म्हणाली, तू आणि मी हसलो. तेव्हापासून ती त्याचं नावच घेत नव्हती.

“विरजन म्हनू दिलं आसतंस तर मी पानी निवल्याबिगर कुनाला वतूच दिलं नसतं की गं,” ती म्हणाली. “उकळत्या दुधात विरजन घालतंय व्हय कोन? इलाहीची बायको बी सांगती.”

मला वाटलं, आता संपलं. ती मीठ मागेल, मी रडेन, आपण तुला फोन लावू. पण तिनं ताट थोडं बाजूला सरकवलं आणि विचारलं, “तुला कवा कळलं?”

“खड्ड्याचं? फेब्रुवारीत.”

“म्हंजी मी मीठ सोडलं तवा ठावं हुतं तुला?”

“होय.”

“तूप सोडलं तवा?”

“होय.”

“समोर बसून बगत हुतीस मला अळनी खाताना.”

माझ्याकडे बघून तिनं पदर नाकाला लावला. विहीर सडली तेव्हा तिनं नाक झाकलं नव्हतं, वृषभ. माझ्यासमोर झाकलं.

मग म्हणाली, “त्यानं मारलं त्ये हिरीतलं जीव. त्येचं त्येनं फेडू दे. तू काय मारत हुतीस, त्येचा इचार कर.” आणि आतल्या कुणाला हाक मारावी तशी मोठ्यानं म्हणाली, “मीठ आन.”

मी डबा आणून दिला. तिनं भाकरीवर चिमूटभर मीठ घेतलं, डाळीत घातलं, तूपही मागितलं, आणि माझ्याकडे बघत सगळं ताट संपवलं. महिनाभरानं. मग मिठाचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “आता तू सोड. मी सांगीन तवर.”

काल रात्रीपासून मी अळणी खातेय. ती समोर बसते, अगदी जवळ, आणि प्रत्येक घास बघते. कोल्हापुरात परत गेल्यावरही सोडायचं आहे, आणि खोटं बोललीस तर मला वास येईल, असं म्हणाली. नाक मी तिच्याकडूनच घेतलंय, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

तुझा वाटा तिनं ठरवलाय. विहीर तू उपसायची. पंपानं नाही, बादलीनं. बादलीत जे येईल ते हातानं वेगळं काढून चिंचेखाली पुरायचं. मासा असो, बेडूक असो, नुसतं कातडं असो. तळ लागल्यावर शबनूरभाभींच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. मग अव्वा भूपाल अण्णांच्या विहिरीचं पाणी आणून आपल्या विहिरीत पहिली कळशी सोडेल, आणि दोरी तू धरायचीस. तोवर ती तुझ्याशी बोलणार नाही. फोन केलास तरी घेणार नाही, म्हणून करू नकोस. ये.

ज्यांनी ज्यांनी शाली घेतल्या त्यांना मी पत्रं टाकतेय. माझ्या सहीचा अहवाल खोटा होता, असं लिहून. परवापर्यंत सगळी जातील. कॉलेजमध्ये काय होईल ते होईल.

कागद सोबत पाठवतेय. दुसऱ्या ओळीच्या आधी काल मी पेनानं दोन शब्द घातलेत, ते बघ. कागद नाकाशी नेलास तर तिरुपुरातसुद्धा शेड येईल.

आज सकाळपासून मी उपसायला सुरुवात केलीय, चाळीस बादल्या झाल्या, पाणी तसूभर उतरलं नाही. बादलीला दोर इलाहीभाईंनी वळून दिला. खड्ड्यात उरलेल्या अंबाडीचाच. अव्वा म्हणाली, एवढं मेलंय त्याच्यापायी, तर दोर तरी होऊ दे. चांगला मजबूत आहे, पण दोनदा धुऊनही वास गेलेला नाही. माझ्या दोन्ही तळहातांना लागलाय. जेवताना घासाबरोबर तोच वास तोंडाशी जातो, आणि वर मीठही नाही.

दुसरी बादली तुझ्यासाठी कठड्यावर पालथी घालून ठेवली आहे.

आक्का